कडीला तेल नको

१ जानेवारी २००२, मंगळवार

या घरात मी स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तू: पुढच्या दाराची जाळी. खिडक्यांचे गज. गच्चीवर जाणारा गोल जिना. पाण्याच्या टाकीचा स्टँड. ओट्याखालचे सरकते कप्पे. कपडे वाळत घालायची कप्पीची दांडी. तुळशीच्या कुंडीखालचं फिरतं चाक, म्हणजे उन्हाकडे तोंड करता येतं. हिच्या पुरणयंत्राचा दांडा. दुकानातून आला होता तो पहिल्याच होळीला तुटला, माझा अजून चालू आहे.

शिक्षण सातवी. मखमलाबादला आमचा भाजीचा मळा होता. विहिरीवरचं इंजिन बंद पडलं, मिस्त्री आज येतो उद्या येतो करत राहिला, इकडे मेथी वाळायला लागली, म्हणून मी ते खोललं. जोडताना दोन वायसर उरले, पण इंजिन चाललं. तिथून सुरुवात. वेल्डिंग बघून शिकलो, लेथ दुसऱ्याच्या पाठीमागे उभं राहून. आज अंबडला स्वतःची शेड आहे. इंजिनियर लोक ड्रॉइंग घेऊन येतात आणि मी त्यांना चूक कुठे आहे ते सांगतो.

एक वस्तू यादीत धरली नाही. ती घरात नाही, शेडमध्ये मागच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली आहे. घरातल्या वस्तूंची यादी म्हटल्यावर ती येणार कशी?

ही डायरी वेल्डिंग रॉडच्या दुकानदाराने दिली. आलीच आहे तर लिहीन म्हणतो. येत्या रविवारी शुभांगी बाळंतपणाला येते आहे.

६ जानेवारी, रविवार

शुभी आली. भारतराव पोचवायला आले होते. जावई सिन्नरला शाळेत मास्तर आहेत. माणूस चांगला, पण स्क्रू उलटा फिरवतो.

सातवा महिना लागलाय. तब्येत ठीक दिसते. पण खाली उतरताना, उंबरा ओलांडताना, पाणी पितानासुद्धा असं चालली आहे, जणू डोक्यावर काचेची बरणी आहे. आल्यापासून पलंगावर बसून आहे. बाळाबद्दल कोणी बोललं की विषय बदलते. "बाळ" हा शब्दच काढत नाही. "हे" म्हणते. "हे झालं की बघू."

दोन वर्षांपूर्वीचं पाचव्या महिन्यात गेलं, त्याचं हे सगळं. त्या वेळी आनंदाच्या भरात मी पाळणा करून ठेवला होता. साग, त्याला पितळी फुलं, वर सव्वा इंची पाईप आणि दोन्ही बाजूंना सीलबंद बेअरिंग. एक झोका द्यावा, चहा पिऊन यावं, पाळणा झुलतोच आहे. आणि आवाज? शून्य. तोच ताडपत्रीखाली आहे. जन्माआधी बाळाचं काही करू नये असं हिचं म्हणणं तेव्हाही होतं. पाळण्याचा आणि त्या गोष्टीचा काय संबंध? काहीही नाही. मला अशा गोष्टी पटत नाहीत.

भारतराव गेल्यावर हिने मला स्वयंपाकघरात बोलावलं. "हे बघा, ह्या टायमाला काय बी करायचं नाय. पाळणा नाय, खुळखुळा नाय, खिळा बी ठोकायचा नाय बाळासाठी. लय झालं मागल्या वेळी."

मी म्हणालो, "भागी, मी काय करणार आहे?"

"तेच इचारते. तुमचे हात गप बसत नाय."

९ जानेवारी, बुधवार

गंगापूर रोडच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी स्वच्छ सांगितलं: मागच्या वेळचं कारण चालण्यात नव्हतं, जिन्यात नव्हतं, कशातच नव्हतं, ते राहणारच नव्हतं. या वेळी सगळं बरोबर आहे. रोज सकाळ-संध्याकाळ चालायचं, खाली मांडी घालून बसायचं, सावकाश दीर्घ श्वास घ्यायचा. बसून बसून अंग आखडलं तर बाळंतपणात त्रास हिलाच होईल.

"आणि बाळाशी बोलत जा," बाई म्हणाल्या. "त्याला आता ऐकू येतं."

शुभी म्हणाली, "काय बोलू?"

"काहीही. भाजी काय केली ते सांग."

शुभीने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. रिक्षात संपूर्ण रस्ता तिने दांडी धरून ठेवली होती. रिक्षावाल्याला मी हळू घे म्हणालो, तर तो म्हणाला, "काका, ह्याच्यापेक्षा हळू घेतली तर पार्किंग होईल."

११ जानेवारी, शुक्रवार

चालत नाही. फाटकापर्यंत जाते आणि परत येते. आमच्या इंदिरानगरच्या रस्त्यावर ड्रेनेजसाठी खोदलंय, कडेला खडी. तिला पडायची भीती. मी सोबत जातो म्हणालो, तर म्हणते, "अप्पा, तुमचा हात धरला की तुम्ही माझ्यापेक्षा जास्त घाबरता." हे खोटं आहे.

बोलणं तर दूरच. ही म्हणाली, "अगं, दोन शबुद बोल की त्याच्याशी." शुभी म्हणाली, "आई, मागच्या वेळी खूप बोलले होते मी." मग दोघी मेथी निवडत बसल्या. मी उगाच नळ दुरुस्त केला. तो गळत नव्हता.

१२ जानेवारी, शनिवार

सुचलं. घराला तीन बाजूंनी मोकळी पट्टी आहे, फरशी घातलेली, सपाट. पायरी नाही, खडी नाही, वाहन नाही. कंपाउंडच्या भिंतीला कमरेच्या उंचीवर पाईप बसवायचा. ती धरून चालेल.

पण नुसता पाईप धरून चाललं की हात सारखा सोडावा लागतो. सुटलेला हात म्हणजे भीती. म्हणून पाईपवर सरकणारी कडी हवी, तिला मूठ. एकदा धरली की शेवटपर्यंत सोडायची नाही. आता पाईप धरणारे ब्रॅकेट भिंतीकडून येणार आणि अखंड कडी प्रत्येक ब्रॅकेटला अडणार. तेव्हा कडीला भिंतीच्या बाजूने फट ठेवायची, बाहेरच्या बाजूला मूठ. जेवताना ताटात वाटी-चमच्याने करून बघितलं. जमतं.

पाईप सव्वा इंचीच. शेडमध्ये पडलेला आहे. कशातून उरला ते लिहिण्यासारखं नाही.

१४ जानेवारी, सोमवार, संक्रांत

झालं. काल आणि आज शेड बंद, म्हणून दोन्ही दिवस घरीच काम केलं. सांधे वेल्ड करून इतके घासले, की डोळे मिटून हात फिरवला तरी सांधा कुठे ते कळत नाही. कोपऱ्यांना पाईप गोल वाकवला. कडी पितळी, जुन्या पंपाच्या बुशमधून कापलेली. मूठ शिसवीची.

हिने विचारलं, "हे बाळाचं का?"

"भिंतीचं आहे."

"भिंत कुठं चालती?"

मी कडी पुसत बसलो. शेवटी तिनेच पाईपला हळद-कुंकू लावलं आणि वर मलाच म्हणाली, "तिळगूळ घ्या, गोड बोला. तेवढं तरी पाळा."

संध्याकाळी शुभीने मूठ धरली. पेरूच्या झाडापर्यंत गेली, वळली, परत आली. मग पुन्हा गेली. आकाशात पतंग होते, तिने मान वर करून बघितलेसुद्धा. चालताना मान वर करणं ही मोठी गोष्ट आहे.

दोष एकच. कडी वाजते. किर्रर-किर्र. पितळ आणि जस्ताचा पाईप, कोरडं घर्षण. मला लाज वाटली.

१७ जानेवारी, गुरुवार

दोन्ही वेळा चालते. शेजारच्या आक्काबाईंनी भिंतीवरून डोकं काढलं. "काय हो, लेकीला आगगाडी घालून दिली की काय? पहाटे दळण दळल्यागत वाजतंय."

शुभी हसली. आल्यापासून पहिल्यांदा. म्हणाली, "मावशी, तिकीट काढा, तुम्हालाही फिरवते."

"नको बाई, मी डब्यात मावायची नाही."

सगळे हसले. मी नाही. तीस वर्षांत माझ्या कुठल्याही कामाला आवाज आलेला नाही, आणि तो यायचा होता तो माझ्याच अंगणात.

एक बघितलं. पेरूपाशी ती थांबते. तोंड हलतं. फेऱ्या मोजत असावी. त्याआधी जागेवरच उभी राहून कडी पुढे-मागे करते, किर्र, किर्र, आणि गप्प राहते. कडी तिथे अडकत असणार. फट थोडी आखूड पडली की काय?

२० जानेवारी, रविवार

भारतराव आले होते. शुभीची संध्याकाळची फेरी झाल्यावर दोघांना आत गप्पा मारत बसवलं आणि काम उरकलं. फट तपासली, बरोबर होती. मग पाईपला सगळीकडे ग्रीस हलकं फिरवून पुसलं, कडीत आतून भरलं. आता एका बोटाने ढकलली तरी कोपऱ्यापर्यंत जाते. काहीही ऐकू येत नाही. भारतरावांना दाखवलं. ते म्हणाले, "अप्पा, म्हणजे आता आहे की नाही तेच कळत नाही." हीच तर कामाची पावती.

२१ जानेवारी, सोमवार

आजचा दिवस नको होता.

सकाळी शुभी चालून आली आणि पलंगावर बसली. चहा प्यायली नाही. हिने विचारल्यावर म्हणाली, "आई, हललं नाही."

"झोपलं असंल."

"ह्या वेळेला हलतं. रोज हलतं. मी आज थांबले, वाट बघितली. नाही हललं."

तिचा चेहरा मला लिहिता येणार नाही. मी स्कूटरची किल्ली घेतली, मग स्कूटर नको म्हणून रिक्षा आणायला धावलो, एका पायात चप्पल, एका पायात शेडचा बूट. गंगापूर रोडला पोचेपर्यंत ही एकदाच म्हणाली, "काय बी झालेलं नाय," पण ते माझ्याकडे बघून म्हणाली, शुभीकडे नाही. मी तिला विचारलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी आत नेलं. दार उघडंच राहिलं होतं. मी पाठ करून उभा होतो. आतून मशीनचा आवाज आला. मी आयुष्यात शेकडो इंजिनं ऐकली, कानाला स्क्रूड्रायव्हर लावून बेअरिंगचा दोष सांगतो. असं इंजिन ऐकलं नाही. लहान, भरधाव आणि एकही ठोका चुकत नाही.

"ठणठणीत आहे," बाई म्हणाल्या. "झोपलं असेल. आलीस ते बरं केलंस, शंका आली की अशीच यायचं. आज काही वेगळं केलंस का?"

शुभी म्हणाली, "मी नाही केलं."

घरी आल्यावर ती सरळ मागे गेली. कडी धरून दोन वेळा सरकवली. मग मला हाक मारली. "अप्पा, हिला काय केलंत?"

मी अभिमानाने सांगितलं, ग्रीस लावलं.

तिने डोळे मिटले. "अप्पा, कडी वाजली की ते लाथ मारतं. पहिल्या दिवसापासून. पेरूपाशी थांबून मी दोनदा वाजवते, आणि ते उत्तर देतं. मग मी त्याला सांगते, आज भाजी काय केली ते." मग म्हणाली, "आज मी वाजवलं, ते वाजलंच नाही, आणि मला वाटलं..."

मला इतकंच सुचलं की रॉकेल कुठे आहे.

पाईप घडवायला दोन दिवस लागले होते. बिघडवायला दुपार गेली आणि तरी जमेना. रॉकेलने धुतला, चिंधीने पुसला, सोडा लावून गरम पाण्याने धुतला. कडी वाजे, पण ओशाळल्यासारखी. शेवटी ही आली. तिने कडीत बोट घातलं, वास घेतला, आत गेली आणि भांड्यांसाठी ठेवलेली राख घेऊन आली. राखेने कडी अशी घासली, जशी पितळी तांब्याला घासते. मग पाण्याचा हात, मग पदर.

किर्रर.

शुभी पेरूपाशी उभी होती. हिने तिच्या पोटावर हात ठेवला. मी भिंतीकडे तोंड केलं. शुभी म्हणाली, "अप्पा, तुम्ही वाजवा."

वाजवली. दोनदा.

"अगं बया," ही म्हणाली, आणि दोघी हसायला लागल्या. मी भिंतच बघत होतो. गिलावा एका ठिकाणी पोपडा धरतोय, तो करायला हवा.

२७ जानेवारी, रविवार

भारतरावांनी कडी वाजवून बघितली. काही उत्तर नाही. मग मी वाजवली, लगेच. शुभी म्हणाली, "केवढी जोरात लाथ मारली हो!" मी भारतरावांना समजावलं की हात हलका आहे, सराव लागेल. ते मनापासून शिकत होते. मला वाईट वाटलं, पण फार नाही.

१० फेब्रुवारी, रविवार

मोठी सुधारणा. शुभी खाली मांडी घालून बसते, हिच्याबरोबर भाजी निवडते, उकिडवी बसून फरशी पुसते, हात टेकून उठते. डॉक्टरीणबाईंनी दाखवलेला श्वास रोज सकाळी. मीही शेजारी बसून करतो, म्हणजे तिला कंटाळा येऊ नये. माझा पोटाचा घेर कमी झाला. ही म्हणते, "दोघांचं बी बाळंतपण सोपं व्हनार."

आता "हे" गेलं. "बाळ" म्हणते. काल पेरूपाशी मोठ्याने सांगत होती, "आज तुझ्या आजोबांनी वांग्याच्या भाजीला नावं ठेवली आणि दोनदा वाढून घेतली." खरं आहे, पण पोटातल्या बाळाला सांगण्यासारखं नव्हतं.

मी शेडला निघताना दोन वेळा कडी वाजवतो. फिटिंग तपासायला. शुभी आत पलंगावर असली तरी तपासावी लागतेच.

८ मार्च, शुक्रवार

अंबडच्या शेडवर सुनीलशेठ आले होते. हॉटेलांना फर्निचर पुरवतात. गेटचं काम होतं. मागे हिंडताना त्यांनीच ताडपत्री उचलली. पाळण्याला एक धक्का दिला आणि बराच वेळ बघत उभे राहिले. "मिस्त्री, हा थांबतच नाही! आवाज पण नाही! हा मला द्या."

मी म्हणालो, सांगतो.

घरी हिला सांगितलं. ही म्हणाली, "इकून टाका. कुनाच्या तरी घरात हालंल. आपल्याला नको तो." बरोबरच आहे म्हणा. लाकूड नुसतं पडून खराब होतं. उद्या होकार कळवायचा, असं ठरवलं.

९ मार्च, शनिवार

कळवला नाही. टेलिफोन सारखा व्यस्त लागत होता. एकदाच लावला.

२६ मार्च, मंगळवार

मुलगी. दोघी सुखरूप. सहज झालं, बाई म्हणाल्या, चालल्याचा फायदा. नाक हिच्यासारखं, बोटं माझी. लांब, कामाची बोटं. बाकी उद्या लिहीन. हात चालत नाही.

६ एप्रिल, शनिवार, बारसं

सविस्तर लिहायला हवं.

काल शुभीने विचारलं, "अप्पा, पाळणा कधी आणताय?"

मी म्हणालो, भाड्याने मिळतो, चौकशी करतो.

"ताडपत्रीखालचा म्हणतेय मी."

ही पोळी लाटत होती, लाटणं थांबलं. शुभी म्हणाली, "मागच्या वेळी दवाखान्यातून आल्यावर एकदा शेडला आले होते. तुम्ही जेवायला गेला होता. मी त्याला झोका दिला होता. थांबेचना, शेवटी हाताने थांबवला." मग हिच्याकडे वळून म्हणाली, "आई, आता बाळ झालंय. आता तर चालेल ना?"

हिने तव्यावरची पोळी उलटली. मग म्हणाली, "धुवून घ्या चांगला. धूळ असंल त्याच्यावर." आज सकाळी पाळणा आला तेव्हा हीच पुढे झाली, भाकरतुकडा ओवाळून टाकला, चारही पायांना कुंकू लावलं.

दुपारी आळीतल्या बाया जमल्या. पाळणा फुलांनी सजवला. बेअरिंग मी स्वतः तपासली. मुलीला आत ठेवलं, झोका दिला. पाळणा लोण्यासारखा झुलला. बायांनी एकमेकींकडे बघितलं, मी ते बघितलं.

आणि मुलगी रडायला लागली.

बायांनी पाळण्याचं गाणं धरलं, ती वरच्या पट्टीत. भारतरावांनी खुळखुळा वाजवला, तो तिने झिडकारला. आक्काबाई म्हणाल्या, "मिस्त्री, पाळणा लय गुळगुळीत झाला हो. पोरीला आपन पाळण्यात हाय का कुठं हाय तेच कळंना!" सगळ्या हसल्या. शुभी हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती, मग मागच्या दाराकडे. तेवढं पुरलं.

मी मागे गेलो, पाईपच्या टोकाची टोपी काढली आणि कडी सरकवून बाहेर घेतली. पाळण्याचा वरचा बार त्याच पाईपचा. एकाच लांबीतून दोन्ही कापलेले. मुलीला हिच्या मांडीवर दिलं, बारचा एक बोल्ट सोडला, कडी आत घातली, बोल्ट पुन्हा आवळला. वजन दोन्ही बेअरिंगवर तसंच ठेवलं. कडी फक्त पाळणा ज्याला लटकतो त्या दांड्याला क्लॅम्पने बांधली, म्हणजे पाळणा हलला की ती पाईपवर घासणार. ओढून, लोंबकळून तपासलं. बाया म्हणत होत्या, मुहूर्त टळतोय. टळू दे.

मुलीला ठेवलं. शुभीने झोका दिला.

किर्रर-किर्र.

रडणं मध्येच तुटलं. डोळे उघडे, मान जराशी वळलेली, आवाजाच्या बाजूला. मग तिने पाय झाडला. एकदा. तिच्या आईने तोंडावर हात धरला. मी म्हणालो, "हे मला माहीत आहे. हे उत्तर आहे."

नाव आत्याने, म्हणजे भारतरावांच्या बहिणीने, कानात सांगितलं: किरण. नाव चांगलं आहे.

पाळणा आता पूर्वीसारखा झुलत नाही. घर्षणामुळे लवकर थांबतो, सारखा झोका द्यावा लागतो. कोणीतरी शेजारी बसून राहावं लागतं. बहुतेक मीच.

१३ एप्रिल, शनिवार, पाडवा

गुढी उभारली. शुभी दोन महिने आहे अजून. मागच्या पाईपला नवी कडी केली आहे, तिला चालायला. तीही कोरडीच ठेवली.

संध्याकाळी सुनीलशेठ घरी आले, हातात पेढे. पाळणा दिवाणखान्यात, किरण आत, शेजारी मी. आवाज ऐकून त्यांनी तोंड वाकडं केलं. "मिस्त्री, हे काय केलंत? ती कडी काढून टाका, होता तसा करून द्या. दुसराही चालेल, पण असाच, बिनआवाजाचा."

ही आतून म्हणाली, "शेठ, चहा घ्या. ते नाय द्यायचे."

मी शेठना समजावलं, बिनआवाजाच्या पाळण्यात एक दोष राहून गेला होता, तो आता काढला आहे. आणि बिनआवाजाचा पुन्हा करणार नाही. त्यांना वाटलं, मी भाव वाढवतोय. त्यांनी आकडा वाढवला, मग पुन्हा वाढवला, आणि चहा संपल्यावर उठता उठता शेवटचा सांगितला. मी नाही म्हणालो.

वीस हजार रुपये, रोख.